काळी चार

गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचारा, "तुमची पट्टी कोणती?" उत्तर येईल "काळी चार", नाहीतर "पांढरी पाच", नाहीतर "काळी एक". उत्तर देणारा माणूस फक्त तंबोऱ्यावर गात असेल, पेटीची साथ त्याला अजिबात आवडत नसेल, तरी स्वतःचा षड्ज सांगायची वेळ आली की तो पेटीच्याच पट्ट्या मोजतो. सप्तकात पांढऱ्या पट्ट्या सात आणि काळ्या पाच. त्यातली चौथी काळी, ती काळी चार. पियानोवाल्यांच्या भाषेत जी शार्प.

तंबोऱ्याला पट्ट्या नसतात. पेटी येण्याआधी गवई आपल्या गळ्याला झेपेल तो सूर लावायचा आणि तंबोरा त्याला मिळवून घ्यायचा. त्या सुराला नंबर नव्हता. आज आपण 'पट्टी' हा शब्द इतक्या सहज वापरतो की तो एका लाकडी खोक्यावरच्या पट्टीवरून आलाय हे लक्षातही येत नाही.

आता दुसरी गोष्ट. जे वाद्य आपल्या भाषेत इतकं मुरलं, त्याच वाद्याला भारतातल्या सरकारी रेडिओवर तीसेक वर्षं बंदी होती. एखाद्या गाण्यावर किंवा एखाद्या गायकावर नव्हे, तर अख्ख्या वाद्यावर. आणि ही बंदी घालणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांचे कान चांगले होते, त्यांचे मुद्दे बऱ्याच अंशी खरे होते. म्हणूनच ही गोष्ट मला सांगाविशी वाटते.

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री जेवण झाल्यावर तास-दीड तास पेटी वाजवतो. खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे, त्यामुळे साडेदहानंतर भाता बंद. मला गाण्याचा वारसा वगैरे काही नाही. घरात कुणी गात नव्हतं. तरीही मी आज यमनात थोडंफार फिरू शकतो, याचं कारण हे वाद्य. त्यामुळे या खटल्यात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पॅरिसहून निघालेलं खोकं

हार्मोनियम हे नाव पॅरिसमध्ये जन्मलं. अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४०च्या दशकात आपल्या वाद्याचं पेटंट घेतलं आणि त्याला हे नाव दिलं. तत्त्व सोपं आहे. पितळेची एक पातळ जीभ, एका टोकाला पक्की बसवलेली. तिच्यावरून हवा गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. जीभ जितकी लांब आणि टोकाला जड, तितका सूर खाली. पट्टी दाबली की त्या जिभेकडे जाणारी हवेची वाट उघडते. बस्स, एवढंच. तार जुळवायला नको, कातडं तापवायला नको.

युरोपातलं हार्मोनियम मात्र टेबलाएवढं होतं. खुर्चीवर बसायचं, पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. चर्चमध्ये जिथे मोठा पाइप ऑर्गन परवडत नाही, तिथे हे चालायचं. मिशनरी आणि गोरे अधिकारी यांच्या सामानातून ते भारतात आलं.

इथे आल्यावर त्याचं रूप बदललं. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी 'द्वारकिन' नावाची वाद्यांची पेढी चालवली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत त्यांनी हाताने भाता मारायची, जमिनीवर ठेवायची पेटी तयार केली. पाय गेले, टेबल गेलं. भाता मागच्या बाजूला आला. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर.

यात एक निर्णय फार मोठा होता. एक हात भात्यावर अडकला म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने दोन हातांनी हार्मनी वाजवणं संपलं. युरोपात हे वाद्य ज्या कामासाठी बनलं होतं, तेच काम काढून टाकलं गेलं. उरली एकच सुरावट, गळ्याच्या मागे मागे जाणारी. आपलं गाणंही तसंच चालतं. शिवाय मांडी घालून बसलेल्या गायकाच्या शेजारी मांडी घालून बसता येऊ लागलं. प्रॉडक्टच्या भाषेत बोलायचं तर, फीचर कमी करून त्यांनी वाद्य इथल्या माणसांसाठी नव्याने बनवलं. पुढे पेटी 'परदेशी' म्हणून झोडपली गेली, तेव्हा झोडपणाऱ्यांपुढे असलेली पेटी युरोपातल्या कुठल्याच दिवाणखान्यात नव्हती.

नाटकातून माजघरात

महाराष्ट्रात पेटी घरोघर पोचवण्यात मोठा हात संगीत नाटकाचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगमंचावर आलं. नंतरच्या तीसचाळीस वर्षांत नाटकातली पदं हीच महाराष्ट्राची चित्रपटगीतं होती. रंगमंचापुढे ऑर्गन, म्हणजे पायपेटी, असायची. थिएटरात माइक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा तर दणकट आवाजाचं वाद्य हवंच होतं.

या काळातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे गोविंदराव टेंबे. पेटीवर त्यांचा हात असा होता की भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या साथीला ते बसत आणि बुवांना गुरू मानत. १९११ साली किर्लोस्कर मंडळींनी 'मानापमान' आणलं, त्याच्या चाली टेंब्यांच्या. पुढे १९३२च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाचं संगीत त्यांनी दिलं आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. पेटीवादक म्हणजे मागे बसणारा साथीदार, हे चित्र त्यांनी मोडलं. पेटीवर एकट्याने, गायकी अंगाने वाजवून लोकांना बसवून ठेवता येतं हेही त्यांनी दाखवलं.

नाटक बघून घरी आलेल्या माणसाला पद गुणगुणावंसं वाटे. तंबोरा मिळवायला कान तयार लागतो, सतार शिकायला बोटं सोलून घ्यावी लागतात, सारंगीचं तर नावच नको. पेटीत सूर आधीच तयार असतात. पट्टी दाबली की सा, पुढची दाबली की रे. चुकीचा सूर वाजवाल, पण बेसूर सा लावता येणार नाही. ज्याच्या घरात सात पिढ्यांत गाणं नाही, त्याला ही सोय म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच कळतं.

मग पेटी सगळीकडे पसरली. कीर्तनकाराच्या मागे आली. कोकणातल्या भजनी मंडळात आली, आणि डबलबारीत बुवा स्वतःच पेटी वाजवत समोरच्या बुवाला सवाल टाकू लागला. दशावतारात पायपेटी आली. मशिदीजवळच्या कव्वालीत आली, आंबेडकरी जलशांच्या परंपरेतून पुढे आलेल्या भीमगीतांच्या पार्ट्यांमध्ये आली. शाळेच्या प्रार्थनेला आली. मुलगी 'दाखवायच्या' कार्यक्रमातही आली. एकाच वाद्याने इतक्या वेगवेगळ्या जातींच्या, धर्मांच्या, गावांच्या माणसांना आपापलं गाणं गाता आलं, असं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

तक्रार काय होती?

आता विरोधकांची बाजू. ती समजायला थोडं गणित लागतं, पण घाबरू नका, शाळेतलंच आहे.

समजा तुमचा सा २४० हर्ट्झचा आहे. तंबोरा छेडला की त्या साच्या पोटातून आणखी बारीक सूर ऐकू येतात. नीट कान दिला तर त्यात गंधार स्पष्ट असतो. हा गंधार साच्या बरोबर सव्वापट, म्हणजे ३०० हर्ट्झ. चांगला गायक हाच गंधार लावतो, कारण तो तंबोऱ्यात विरघळतो.

पेटीचं सप्तक मात्र बारा समान भागांत कापलेलं असतं. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट. असं केल्याने कुठल्याही पट्टीला सा मानून वाजवता येतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. या हिशेबात गंधार येतो ३०२.४ हर्ट्झ. म्हणजे जवळजवळ अडीच हर्ट्झ वर. पंचमात फरक नगण्य: ३६० ऐवजी ३५९.६. पण गंधार चढाच लागतो, आणि तंबोऱ्याशेजारी तो बोचतो. एकदा ऐकू आला की नंतर ऐकू येत नाही असं करता येत नाही.

दुसरी तक्रार याहून मोठी. आपल्या गाण्यात सूर म्हणजे ठिपका नसतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड असते. दरबारीचा कोमल गंधार जागेवर उभाच राहत नाही, तो झुलतो. त्या झुलण्यातच दरबारी आहे. पेटीवर दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. सारंगी या रिकाम्या जागेतून चालते, पेटी तिच्यावरून उडी मारते.

मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे याला क्वांटायझेशन म्हणतात. सलग बदलणारी गोष्ट ठरावीक खणांत बसवायची, आणि मधलं जे खणात बसत नाही ते सोडून द्यायचं. आपलं सगळं डिजिटल जग यावर उभं आहे. प्रश्न नेहमी एकच असतो: खण किती बारीक करायचे, आणि जे सुटलं ते महत्त्वाचं होतं का? दरबारीच्या बाबतीत ते महत्त्वाचं होतं.

म्हणजे विरोधकांचे कान खोटं बोलत नव्हते.

सांगली-साताऱ्याचे हॅकर

यावर उपाय शोधणारेही होते, आणि ते आपल्याच मुलखातले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर एक इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांनी तार, मोजपट्टी आणि खऱ्या गवयाचा गळा घेऊन सूर मोजायचा खटाटोप केला. त्या गवयाचं नाव अब्दुल करीम खाँ, जे पुढे मिरजेत स्थायिक झाले. देवलांच्या जोडीला होते अर्नेस्ट क्लेमंट्स, आयसीएसमधले न्यायाधीश. यातून श्रुति-हार्मोनियमची कल्पना निघाली. बाराच पट्ट्यांचा हट्ट सोडायचा, जास्त रीड बसवायच्या आणि रागाप्रमाणे योग्य श्रुती वाजवायची.

१९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या वाद्याची आणि श्रुतींच्या मापांची बरीच चर्चा झाली. भातखंडे या मंडळींच्या मताचे नव्हते. श्रुती अशा कायमच्या आकड्यांत बांधता येतात का, हाच वाद होता. श्रुति-हार्मोनियम लोकांच्या घरात काही गेलं नाही. पट्ट्या वाढल्या की वाद्य अवघड होतं, आणि पेटीचा सगळा जीव तर सोपेपणात होता. पण कल्पना मेली नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून तोच धागा पुढे नेला आहे.

आणि ज्यांनी पुस्तिका लिहिल्या नाहीत अशा कारागिरांनी व वादकांनी आपला सोपा मार्ग काढला. पेटी एका ठरलेल्या पट्टीसाठी कानाने मिळवून घ्यायची. रीड किंचित घासून गंधार उतरवायचा. वादक याला गंधार ट्यूनिंग म्हणतात. तोटा असा की मग ती पेटी त्या एकाच पट्टीला गोड लागते. पट्ट्यांचा पाट सरकवून सा बदलणारी स्केलचेंजर पेटी घेतली तर हे गणित कोसळतं, कारण पाट सरकतो पण रीड जागच्या जागीच राहतात. सगळ्यांना थोडं गोड, की एकालाच पूर्ण गोड? आमच्या डिझाइन मीटिंगांमध्ये हाच वाद वेगळ्या शब्दांत दर आठवड्याला होतो.

१ मार्च १९४०

१९३६ साली देशातल्या रेडिओला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. त्याचे प्रमुख होते लायोनेल फील्डन, बीबीसीतून आलेले इंग्रज गृहस्थ. दिल्लीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराकडे होता. १९३८मध्ये रेडिओच्या नियतकालिकात फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लेख लिहिला. शीर्षकात हार्मोनियममधला 'हार्म' वेगळा काढून दाखवला होता, म्हणजे अपाय.

ते एकटे नव्हते. आनंद कुमारस्वामींनी कितीतरी आधीच पेटीवर टीका केली होती. रवींद्रनाथ टागोरांनी जानेवारी १९४०मध्ये कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटीला विरोध कळवला. आणि १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियम बंद झालं.

या प्रसंगाकडे जरा थांबून बघा. एक युरोपीय वाद्य भारतीय संगीताला बाधक आहे, असं एका इंग्रज संगीतकाराने लिहिलं, इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालच्या संस्थेने ते अमलात आणलं, आणि ते सगळं रेडिओ नावाच्या युरोपीय यंत्रावर. व्हायोलिनही युरोपातूनच आलं होतं, पण त्याला कुणी अडवलं नाही, कारण त्यावर मींड निघते. म्हणजे खरा आक्षेप परकेपणाला नव्हताच, पट्ट्यांना होता. परकेपणाचा मुद्दा मात्र सोबत फुकट जोडला गेला, आणि स्वदेशीच्या वातावरणात तोच जास्त चालला.

स्वातंत्र्य मिळालं, अधिकारी बदलले, बंदी राहिली. १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपले मराठी गृहस्थ. त्यांना शास्त्रीय संगीताची तळमळ होती. त्यांच्याच काळात रेडिओवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली, आणि श्रोत्यांनी मुकाट्याने काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. १९५७मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला श्रोत्यांच्या मागे जावं लागलं. चित्रपटगीतांच्या बाबतीत लोकांकडे सिलोनचा पर्याय होता. पेटीला सिलोन नव्हतं.

रेडिओ बंद केल्यावर

पण घरं होती. देवळं होती. माझ्यासाठी या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग हा आहे. रेडिओवर पेटी नाही, आणि रेडिओ बंद केला की शेजारच्या खोलीत पेटी. दोन्ही एकाच घरात.

पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या दशकात आकाशवाणीत नोकरीला होते. त्यांचं पेटीवरचं प्रेम आणि पेटीवरचा हात महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणजे ज्या संस्थेत ते कामाला जात, तिथे त्यांच्या लाडक्या वाद्याला दार बंद होतं. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' वर्षभर प्रसारित झालं. त्या केंद्रावरही तोच नियम होता. पुढे सुधीर फडके गावोगाव गीतरामायणाचे कार्यक्रम करू लागले तेव्हा बाबूजींच्या पुढ्यात काय असायचं? पेटी. रेडिओवर जे गाणं पेटीशिवाय घराघरांत गेलं, ते मंचावर पेटीबरोबर उभं राहिलं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाला त्यात अपाय झाल्याचं ऐकिवात नाही.

बंदीचा फटका बसला तो पेटीवादकांना. त्या काळात रेडिओ म्हणजे कलाकाराचं प्रमाणपत्र. तिथला दर्जा, तिथलं मानधन, तिथून होणारं नाव, या कशालाच पेटीवादक पात्र नव्हता. तरी पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी माणसं याच वाद्यावर उभी राहिली. बोरी गावचे बोरकर गुरुजी मधुकरांचे शिष्य. त्यांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाली. हे वादक ऐकताना मला सगळ्यात आश्चर्य वाटतं ते पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेचं. मींड निघत नाही हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणून ते कणाचा सूर असा काही चाटून जातात, भात्याचा दाब असा उतरवतात, की तुमचा कान मधली जागा आपणच भरून घेतो. वाद्य तेच, खण तेच, पण खणांची आठवण राहत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी सैल झाली. तीही आधी साथीपुरती. एकल पेटीवादनाला रेडिओचं दार उघडायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली.

सारंगीचा हिशेब

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मग काय, पेटी जिंकली, विरोधक हरले. तसं नाही. एक हिशेब राहिलाय.

पेटीच्या आधी गळ्याची साथ सारंगी करायची. सारंगिये बहुतेक मुसलमान, पिढीजात वाजवणारे, आणि त्यांची रोजीरोटी बऱ्याच अंशी तवायफांच्या गाण्याशी बांधलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मध्यमवर्गाने गाणं 'सभ्य' करायला घेतलं, तेव्हा सारंगीच्या अंगाला चिकटलेली कोठ्याची आठवण त्यांना नको होती. पेटीला असा भूतकाळ नव्हता. ती चर्चमधून, शाळेतून, नाटकातून आली होती. म्हणजे ज्या कोरेपणामुळे पेटी माझ्यासारख्यांना सापडली, त्याच कोरेपणामुळे कुणाची तरी साथ सुटली.

रेडिओने पेटी बंद केल्यावर सारंगियांना नोकऱ्या मिळाल्या. राम नारायण यांनी लाहोरच्या रेडिओ केंद्रावरच सुरुवात केली, आणि पुढे सारंगी एकल वाद्य म्हणून जगभर नेली. बंदीमुळे हे एक चांगलं काम झालं, हे मान्य करायला हवं. पण स्वातंत्र्याच्या सुमारास याच रेडिओने कोठ्यावरच्या गायिकांना दार बंद केलं. वाद्य हवं होतं, ते ज्यांच्या गाण्यावर वाढलं त्या बाया नको होत्या. शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे एका खोलीत बसून ठरवलं की दर वेळी कुणीतरी माणूस त्या यादीतून गळतो. सुराचं निमित्त असतं.

खिशातली पेटी

हे सगळं आता कशाला, असं विचाराल तर फोन हातात घ्या.

आज फोनवर तंबोरा मिळतो, तबला मिळतो, पेटीही मिळते. गाणं शिकवणारी अ‍ॅप्स मिळतात. त्यातलं एक मी वर्षभर वापरलं. आपण गायचं, आणि पडद्यावर आपल्या सुराची रेघ उमटते. बारा आडव्या ओळी असतात. रेघ ओळीवर आली की हिरवी, मध्ये लटकली की लाल. मी दरबारीचा गंधार गुरुजींनी सांगितला तसा झुलवला की रेघ लालेलाल. सपाट, मेलेला गंधार लावला की हिरवी, वर शाबासकी.

ते अ‍ॅप लिहिणाऱ्याचा यात काही दुष्टपणा नाही. मीच लिहिलं असतं तर कदाचित बाराच ओळी काढल्या असत्या. कीबोर्डवर बारा, मिडीमध्ये बारा, लायब्ररीत बारा. त्या बारा कुणी आणि कशासाठी ठरवल्या हे विचारायला डेडलाइन वेळ देत नाही. पेटी निदान चुकीचा गंधार वाजवून गप्प बसायची. तुम्ही गळ्याने बरोबर गंधार लावलात तर तिचं काही म्हणणं नसायचं. हे नवं वाद्य मात्र तुम्हाला मार्क देतं. आणि मार्क देणाऱ्या वाद्याचं ऐकून हजारो मुलं आपला कान घडवतायत, ज्यांच्या घरी गाणं नाही, ज्यांच्या गावात गुरू नाही. म्हणजे माझ्यासारखीच.

मग काय, त्यावर बंदी घाला म्हणायचं? १९४०चा धडा मला उलटा दिसतो. फोल्ड्स आणि टागोरांना पेटीच्या सुरातली चूक बरोबर ऐकू आली. पण ती पेटी कुणाच्या हातात आहे, आणि ती काढून घेतली तर त्या हातात दुसरं काय उरतं, हे त्यांनी विचारलं नाही. सांगली-साताऱ्याच्या मंडळींनी चूक ऐकली आणि वाद्य उघडलं. रीड घासणाऱ्या कारागिराने चूक ऐकली आणि एक गंधार उतरवला. पटवर्धनांनी, बोरकरांनी चूक ऐकली आणि बोट बदललं. बंदी घालण्यापेक्षा या तिन्ही गोष्टी कष्टाच्या आहेत. तिन्ही आपल्याला आजही करता येतात. अ‍ॅप बनवणाऱ्यांना तर जास्तच, कारण आमचे खण लाकडाचे नाहीत. सव्वापटीचा गंधार दाखवायला एक ओळ बदलावी लागते, झुलणारा गंधार ओळखायला थोड्या जास्त.

आणि तुम्ही गात किंवा वाजवत असाल, तर आज रात्री एक करून बघा. हेडफोन लावा, फोनवर तंबोरा सुरू करा आणि डोळे मिटून पाचेक मिनिटं नुसता ऐका. साच्या पोटातला गंधार ऐकू येईपर्यंत थांबा. येतो, घाई करू नका. मग कुठल्याही कीबोर्डवर गंधाराची पट्टी दाबा. दोन सुरांत भांडण ऐकू येईल, भरभर थरथरणारं. आता कीबोर्ड बंद करा आणि स्वतः गंधार लावा, हळूहळू खाली आणत, ते भांडण मिटेपर्यंत.

जिथे ते मिटतं, त्या जागेला पट्टी नाही. पण तिथवरचा रस्ता माझ्यासारख्या बऱ्याच जणांना पट्ट्यांनीच दाखवलाय.